शेपर्डला काढलं तर मागे काय उरतं?

ताई, नमस्कार.

मी ३२ वर्षांची, पुण्यात एका बँकेच्या बॅक ऑफिसला आहे. हॉस्टेलवर असताना रूममेटच्या लॅपटॉपवर ‘मास इफेक्ट’ हा व्हिडिओ गेम खेळायला घेतला आणि त्यातून बाहेर पडलेच नाही. बरीच वर्षं मी त्यावर फॅनफिक, म्हणजे त्याच जगात घडणारी स्वतःची गोष्ट, लिहिते आहे. इंग्रजीत, टोपणनावानं, एओथ्री या फॅनफिकच्या साइटवर. एकच लांबलचक गोष्ट आहे. दोन लाखांवर शब्द झालेत, शेवटची पाच-सहा प्रकरणं राहिलीत. गेमची नायिका शेपर्ड त्यात अधूनमधून येऊन जाते, पण मुख्य पात्र माझं स्वतःचं आहे, गेममधल्या क्वेरियन जमातीच्या ताफ्यातल्या एका मोडकळीला आलेल्या जहाजावरची म्हातारी. (ती बरीचशी माझ्या आजीवर गेली आहे. आजीचं गाव कोयनेच्या पाण्यात गेलं. ती वारली ती रायगडातल्या वसाहतीत.)

घरात कुणाला पत्ता नव्हता. दिवाळीत नवऱ्याला कळलं. तो चिडला वगैरे नाही. उलट कौतुकाच्या भरात त्यानं मला न विचारता मित्राला सांगितलं आणि मित्राच्या ओळखीचे एक प्रकाशक निघाले. त्यांचं म्हणणं, शेपर्ड, क्वेरियन, गेथ ही गेममधली नावं बदला, साइटवरून गोष्ट काढून टाका, झाली कादंबरी! ७५ हजारांचं पॅकेज आहे, त्यात कव्हर आणि प्रकाशन समारंभसुद्धा. सासूबाई म्हणाल्या, “एवढी वर्षं फुकट लिहीत होतीस होय?” नणंदेचा मुलगा म्हणतो, फॅनफिक म्हणजे कॉपीच.

ब्राझीलची एक मुलगी पहिल्यापासून माझी बीटा आहे. प्रत्येक प्रकरण तपासते, तेही फुकटच. तिला कुठल्या तोंडानं सांगू? पण खरं सांगायचं तर पुस्तकावर आपलं नाव असावं असं मलाही वाटतं. नावं बदलली की गोष्ट माझी होईल का? ऑफिसात कळलं तर काय, ही भीती वेगळीच, कारण काही प्रकरणं ‘मॅच्युअर’, म्हणजे मोठ्यांसाठीची, आहेत. तीन प्रकरणं सोबत जोडली आहेत.

— वास पुणे

प्रिय वास पुणे,

पैशाचं आधी उरकते. ७५ हजार भरू नकोस. लेखकाकडूनच पैसे घेतो तो प्रकाशक नव्हे, छापखाना. पदरमोड करून पुस्तक काढण्यात कमीपणा काही नाही, मराठीत कित्येक चांगले कवितासंग्रह तसेच निघाले आहेत. पण मग छापखान्याला छापखाना म्हणावं आणि दर चार ठिकाणी विचारावेत. शिवाय या गृहस्थांकडून कराराचा मसुदा मागवून बघ. लेखन संपूर्णपणे स्वतंत्र आहे आणि कुणी दावा लावला तर निस्तरायचं लेखकानं, अशा अर्थाचं कलम त्यात बहुधा असेलच. म्हणजे नावं बदलण्याची अक्कल त्यांची आणि उद्या नोटीस आली तर धावपळ तुझी.

आता खरा प्रश्न. ज्यांनी हा गेम खेळलेला नाही त्यांच्यासाठी आधी चार ओळी. ‘मास इफेक्ट’ हा कॅनडातल्या बायोवेअर कंपनीचा गेम. पहिला भाग २००७चा, दुसरा २०१०चा, तिसरा २०१२चा. खेळणाऱ्यानं कमांडर शेपर्ड व्हायचं, बाई किंवा पुरुष, आणि एका भागात घेतलेले निर्णय पुढच्या भागात निस्तरायचे. त्यात क्वेरियन नावाची जमात आहे. त्यांनी गेथ नावाची यंत्रं बनवली, ती उलटली आणि सुमारे तीनशे वर्षांपूर्वी क्वेरियनांना रॅनॉक हा आपला ग्रह सोडून पळावं लागलं. तेव्हापासून जवळजवळ सगळी जमात जहाजांच्या ताफ्यात राहते. प्रतिकारशक्ती इतकी ढासळलेली की जन्मभर अंगावर सीलबंद सूट. पोरं मोठी झाली की त्यांनी यात्रेला बाहेर पडायचं, ताफ्याच्या उपयोगाचं काहीतरी मिळवून आणायचं आणि ज्या जहाजावर रुजू होतील त्याचं नाव ‘वास’ म्हणून आपल्या नावाला जोडायचं. जन्माच्या जहाजासाठी ‘नार’. तू सहीत ‘वास’ लिहिलंस आणि ‘नार’ गाळलंस, हे माझ्या नजरेतून सुटलेलं नाही.

नावं बदलून फॅनफिकचं पुस्तक होतं, हे प्रकाशक म्हणतात ते खोटं नाही. ‘फिफ्टी शेड्स’ मुळात ‘ट्वायलाइट’वरचं फॅनफिक होतं, हे आता जगजाहीर आहे. २०२१ साली आलेल्या ‘द लव्ह हायपोथेसिस’मधले दोघं आधी ‘स्टार वॉर्स’मधले होते; अंतराळातून उचलून त्यांना विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत नेऊन बसवलं. २०२५ साली तर ‘हॅरी पॉटर’मधल्या ड्रॅको आणि हर्मायनीच्या फिकांतून निघालेल्या तीन कादंबऱ्या काही महिन्यांच्या अंतरानं बाजारात आल्या. पूर्वी ज्या गोष्टीबद्दल लोक गप्प बसायचे ती आता जाहिरातीत सांगितली जाते.

पण ही सगळी मुळात प्रेमकथेची पुस्तकं आहेत, किंवा निदान एका जोडीभोवती फिरणारी. एकमेकांना पाण्यात पाहणारे दोघं, नाइलाजानं एकत्र आलेले, मग हळूहळू विरघळणारे. त्यांच्या मागचा पडदा बदलला तरी ओढ तीच राहते. तुझ्या गोष्टीत जोडी नाही, पडदा आहे. ताफा, सूट, फिल्टर, यात्रा, गेथचं भय. हे सगळं बायोवेअरच्या लेखकांनी रचलं. पगार घेऊन रचलं म्हणून ते तुझं होत नाही.

तू पाठवलेलं पहिलंच प्रकरण घे. म्हातारी जेवणाच्या रांगेत उभी आहे, पुढच्या पोराच्या सुटाच्या कोपराला चिकटपट्टी लावलेली तिला दिसते आणि ती काही न बोलता रांग सोडून तीन माणसं मागे जाऊन उभी राहते. सूट फाटला म्हणजे काय, हे तू कुठेही सांगितलेलं नाहीस. गरजच नाही. तुझा वाचक तीनही भाग खेळून आलेला असतो. तिसऱ्या भागात रॅनॉकवर शेपर्डच्या एका निर्णयावर क्वेरियन राहतात किंवा गेथ राहतात. आधीचे हिशेब नीट जुळून आले असतील तरच दोघंही. त्या वाचकानं तो निर्णय स्वतःच्या हातानं घेतलेला असतो. एखाद्यानं ताफा जळताना पाहिलेला असतो आणि मुकाट्यानं जुनी सेव्ह फाइल उघडून परत खेळायला घेतलेलं असतं. म्हातारी मागे सरकते तेव्हा त्याच्या पोटात जे तुटतं, त्यातलं अर्धं तू लिहिलेलंच नाहीस. ते तो घेऊन आलेला असतो. ‘क्वेरियन’ शोधून त्या जागी दुसरा शब्द टाकायला वर्ड फाइलला दोन सेकंद लागतील, पण ते अर्धं पुस्तकात कुठून आणणार? त्यासाठी ताफा, आजार, यंत्रं, सगळं नव्यानं उभं करावं लागेल. जे करतात ते वर्ष-दोन वर्षं घालवून तेच करतात. ड्रॅको-हर्मायनीवाल्या तीन कादंबऱ्यांतल्या ‘अल्केमाइज्ड’मध्येही नावांवर थांबून भागवलेलं नाही, किमया आणि मृतविद्येचं निराळं जग बांधलंय.

कायद्याचंही इथेच सांगते. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात फॅनफिकसाठी वेगळं कलम नाही. न विकता, हौसेनं लिहिणाऱ्यांकडे कंपन्या सहसा काणाडोळा करतात. विकायला काढलं की हिशेब बदलतो. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयानं एका नाटकाच्या आणि चित्रपटाच्या वादात (आर. जी. आनंद खटला) जी कसोटी घालून दिली ती आजही चालते. कल्पनेवर, विषयावर, कथासूत्रावर कुणाचा कॉपीराइट नसतो. पण दोन्ही वाचून किंवा पाहून सामान्य माणसाच्या मनावर ‘हे त्यावरूनच उचललंय’ अशी स्पष्ट छाप पडत असेल तर अडचण आहे. त्या खटल्यात नाटककार हरला, कारण साम्य कल्पनेपुरतं होतं. तुझ्या गोष्टीतली नावं पुसली तरी सीलबंद सुटातली, स्वतःच्याच यंत्रांनी हुसकावलेली, जहाजांवर राहणारी जमात वाचून गेम खेळलेला कुणीही एका पानात ओळखेल. एक ‘मास इफेक्ट’वाला तुझ्या नणंदेच्याच घरात बसलेला असेल.

म्हणून माझं सरळ मत: या गोष्टीची नावं बदलू नकोस. ती जिथे आहे तिथे पुरी कर.

आणि तरीही पुस्तकावर नाव असावं ही इच्छा अजिबात वावगी नाही. त्यासाठी तुझ्याच दुसऱ्या जोडलेल्या प्रकरणाकडे येते, कारण मी ते तीनदा वाचलं. यात्रेहून परतलेला मुलगा रॅनॉकच्या झाडाचं म्हणून एक बी घेऊन येतो, कुठल्याशा बाजारात मिळालेलं. सगळे जमतात. म्हातारी विचारते, “ओढ्याच्या अलीकडचं की पलीकडचं?” तू लिहितेस की तुझ्या बीटानं इथे समासात टीप टाकली होती: ही बाई जहाजावर जन्मली, तिची आजीसुद्धा जहाजावर जन्मली, हिनं ओढा पाहिलाय कुठे? तू टीप वाचलीस आणि वाक्य तसंच ठेवलंस.

कॅननच्या, म्हणजे मूळ गेमच्या, हिशेबानं तुझी बीटा शंभर टक्के बरोबर आहे. क्वेरियन म्हातारीला ते वाक्य सुचणार नाही. ते सुचेल पाटण किंवा जावळी तालुक्यातल्या अशा बाईला, जिचं शेत अलीकडे होतं आणि माहेर पलीकडे, आणि जिच्यासाठी गाव म्हणजे आधी हा हिशेब. साठच्या दशकात कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाचं पाणी चढलं, शंभरावर गावांना त्याची झळ बसली आणि माणसं सांगली, सोलापूर, ठाणे, रायगड अशी पांगली. काहींचे जमिनीसाठीचे खेटे अजून संपलेले नाहीत. ज्या वसाहतीत तुझी आजी वारली तिथे पाटीवर जुन्याच गावाचं नाव असेल, पुढे ‘पुनर्वसित’ असा शब्द जोडून. ओढा मात्र नसेल.

तुझी गोष्ट तिथे आहे. म्हातारी तू ताफ्यात नेऊन बसवलीस, कारण विस्थापितांची गोष्ट सांगायला बायोवेअरनं तुला तयार जागा दिली आणि त्या जागेवर तुझं मन बसलं. त्यात वाईट काहीच नाही. मोकळ्या कागदावर लिहायला घेतलं असतंस तर आजीबद्दल एक वाक्य लिहून थांबली असतीस, अशी मला शंका आहे. इतकी वर्षं लिहून तुझा हात तयार झाला आहे. आता ते ओढ्याचं वाक्य काढून घे आणि नवीन कोऱ्या कागदावर त्याच्या भोवती गोष्ट लिही. फार तर वीस-पंचवीस पानांची. विज्ञानकथाच लिही, तुझा पिंड तोच आहे. धरण राहू दे किंवा नको राहू दे, ग्रह असू दे किंवा घाटमाथा असू दे, ते तुझं तू ठरव. पण सूट नको, ताफा नको, उलटलेली यंत्रं नकोत. आणि एकदा मराठीत लिहून बघ. “अलीकडचं की पलीकडचं” हे इंग्रजीत तुला बरंच खेचावं लागलं आहे, ते वाक्यावरून दिसतं.

सासूबाईंच्या ‘फुकट’बद्दल. त्यांना वाईट वाटून घेऊन उत्तर देऊ नकोस, आमच्या पिढीला हे कळायला वेळ लागतो. १९६७ साली ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी टीव्ही मालिकेच्या चाहत्यांनी न्यूयॉर्कमध्ये ‘स्पॉकॅनेलिया’ नावाचं नियतकालिक काढलं, पुढाकार बायकांचा. टाइप करायचं, सायक्लोस्टाईलसारख्या यंत्रावर प्रती काढायच्या, टपालानं पाठवायच्या, कागद आणि तिकिटांचा खर्च निघेल एवढेच पैसे घ्यायचे. (त्याच दशकात मुंबईत आपली अनियतकालिकं सायक्लोस्टाईलवरच निघत होती आणि त्यांनाही घरचे लोक ‘फुकटचे उद्योग’च म्हणत असणार.) पुढे २००७ मध्ये फॅनलिब नावाच्या कंपनीनं गुंतवणूकदारांचे पैसे घेऊन साइट काढली. गोष्टी चाहत्यांनी लिहायच्या, कमाई कंपनीची आणि कायद्याची जोखीम लिहिणाऱ्यांची. चाहत्यांनी ती धुडकावली, पुढच्याच वर्षी ती बंद पडली. त्या रागातून चाहत्यांनी स्वतःची ना-नफा संस्था उभी केली, कादंबरीकार नेओमी नोविक संस्थापकांपैकी एक. या संस्थेचं आर्काइव्ह ऑफ अवर ओन, म्हणजे तुझं एओथ्री, २००९ मध्ये सर्वांना खुलं झालं. जाहिराती नाहीत, खर्च देणग्यांवर, काम स्वयंसेवकांचं. २०१९ साली डब्लिनच्या वर्ल्डकॉनमध्ये, म्हणजे विज्ञानकथांच्या जागतिक संमेलनात, या आर्काइव्हला तिथला मानाचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. सासूबाईंना एवढं सगळं नको, एवढंच सांग की तिथे कुणीच कुणाला पैसे देत नाही आणि ती ब्राझीलची मुलगी तुझी दोन लाख शब्दांची तपासणी बाजारभावानं करायची तर पॅकेजपेक्षा जास्त बिल झालं असतं.

नणंदेच्या मुलाला काय सांगायचं? ‘रामायणाच्या सगळ्या आवृत्त्या म्हणजे फॅनफिकच’ असं म्हणायची हल्ली टूम आहे. मला ती पटत नाही. जात्यावर बसून बायांनी सीतेच्या वनवासाच्या ओव्या रचल्या, एकट्या महाराष्ट्रात संशोधकांनी जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या आहेत. पण सीता कुठल्या कंपनीच्या मालकीची नव्हती आणि ओवी रचणारीला नोटिसीची भीती नव्हती. शेपर्ड मालकीची आहे. तेव्हा त्या मुलाला इतकंच म्हण की कॉपी लपवून करतात आणि फॅनफिकच्या डोक्यावर पहिल्या ओळीत लिहिलेलं असतं की हे कुणाचं जग आहे. लपवाछपवी प्रकाशक सुचवतायत ती आहे.

गोष्ट पुसून टाकल्यानं पुसली जाईल, हाही भ्रम आहे. एओथ्रीवरून कुणीही गोष्टीचं ई-पुस्तक (ईपब) उतरवून घेऊ शकतं, लोक घेतातही, काही जण घरी बाइंडिंगसुद्धा करतात. नावं बदललेलं पुस्तक आलं की तुझी जुनी फाइल शेजारी ठेवून बघणारे दहा जण निघतील. कधी ऑफिसचं फारच टेन्शन आलं तर गोष्ट डिलीट करू नकोस, ‘ऑर्फन’ कर. गोष्ट आणि तिच्याखालच्या कॉमेंट्स राहतात, फक्त तुझं नाव सुटतं. मात्र ते परत जोडता येत नाही, म्हणून रागाच्या किंवा घाबरण्याच्या भरात करू नकोस. त्याआधीचा सोपा उपाय म्हणजे गोष्ट फक्त खातं असलेल्यांना दिसेल अशी कुलूपबंद करणं. ते उद्याच कर.

टोपणनावाची लाज वाटत असेल तर जयंत नारळीकर आठव. मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी गोष्ट पाठवली ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावानं, आपलीच आद्याक्षरं उलटी करून. नामवंत शास्त्रज्ञ म्हणून नव्हे, गोष्ट म्हणून ती जोखली जावी यासाठी. पहिलं बक्षीस मिळालं. नवऱ्याला मात्र स्पष्ट सांग की कौतुक तुला करायचं, मित्राला नाही. तो समजूतदार दिसतो, एका वाक्यात भागेल.

परिषदेची विज्ञान रंजन कथा स्पर्धा आहेच, आणि ‘धनंजय’, ‘नवल’ यांच्यासारखे दिवाळी अंक विज्ञानकथेला जागा देत आले आहेत. दिवाळीचं साहित्य जून-जुलैपर्यंत हातात असलेलं बरं, ऑगस्टमध्ये संपादक फोन उचलत नाहीत. नवी गोष्ट तुझ्या खऱ्या नावानं पाठव. बँकेत कळलं तरी बिघडत नाही, उलट कॅशियर अंक वाचायला मागेल.

राहिली ब्राझीलची मैत्रीण. तिला सगळं सांग, प्रकाशकाचं, पैशाचं आणि तुला मोह झाला तेही. राहिलेली प्रकरणं दोघी मिळून संपवा. मग मराठी गोष्टीचा पहिला खर्डा झाला की तिच्यासाठी इंग्रजीत करून पाठव, काहीही समजावून न सांगता. तिला रॅनॉक पाठ आहे, कोयना माहीत नाही. ज्या ओळीवर ती अडेल आणि समासात प्रश्नचिन्ह टाकेल, तिथे तुला अजून लिहायचं आहे.

— तुझी ताई